दार शेवटी लावायचं

ओळंब्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर सव्वाचारचा असायचा, पण तो नेहमी बायकोच बंद करायची, कारण तोवर हा चूळ भरून उभ्यानेच चहा पीत असे. साडेचारला सायकल बाहेर. पाचला कामावर पोचलं की पहिलं काम ठरलेलं: टाक्यात टाइल्स भिजत घालायच्या. कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी पिऊन घेते आणि वर्षभरात सुटते. हे सगळ्या फरशी मिस्त्रींना माहीत असतं. भिजत मात्र थोडेच घालतात, कारण त्यासाठी लवकर उठावं लागतं.

ओळंबा हे नाव ठेकेदाराने ठेवलेलं, आणि तेही वैतागून. दुसऱ्या कुणी उभारलेल्या भिंतीवर टाइल्स बसवायला मिस्त्रीने एकदा नकार दिला होता. भिंत अर्ध्या बोटाने कललेली होती.

"अर्धं बोट कोण बघतंय?" ठेकेदार म्हणाला.

"मी बघतोय," मिस्त्री म्हणाला आणि खिशातून ओळंबा काढून दोरी सोडून दाखवली. भिंत पाडावी लागली. तेव्हापासून हजेरीच्या वहीतलं नाव वहीतच राहिलं.

घर दोन खोल्यांचं. जमिनीला साधा सिमेंटचा कोबा, तोही जुना, ठिकठिकाणी खरबरीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. ती म्हणायची, "लोकांच्या घरात तोंड दिसेल अशी फरशी बसवता. आपल्या घरात मात्र पाय सोलतात."  सुट्टीच्या दिवशी ओळंबा बाहेरची छोटी कामं घेऊ लागला होता आणि त्या कामांची सगळी मजुरी टाइल्सच्या दुकानात जमा करत होता. दोन वर्षांत दोन्ही खोल्यांपुरता माल झाला. रंग बायकोने निवडला: सायीसारखा, कडेला बारीक तपकिरी पट्टी. खोकी दुकानाच्या मागच्या खोलीत रचून ठेवलेली होती आणि त्यांच्यावर खडूने ओळंब्याची खूण होती. बसवायला एक सलग आठवडा तेवढा मिळत नव्हता.

मुलगी एकच. तिला घरात खडू म्हणायचे. रांगायला लागली तेव्हा बापाच्या पिशवीतला आखणीचा खडू तिने चघळून संपवला होता.

खडूला चिनी भाषेच्या शाळेत घालायचं कारण एक सभागृह होतं. त्या सभागृहाची फरशी ओळंब्याने बसवली. माल परदेशातून आलेला, खोक्यांवर सगळी चिनी अक्षरं. ओल्या असताना सगळ्या टाइल्स सारख्या दिसल्या. सुकल्या, खिडक्या उघडल्या, ऊन आलं आणि अर्धं सभागृह उजळ, अर्धं मळकट. दोन वेगळ्या घाण्यांचा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी भाजलेला माल एकात एक मिसळला होता.

"खोक्यावर लिहिलं होतं की," माल पुरवणारा म्हणाला.

"कुणासाठी?" ओळंब्याने विचारलं.

नऊ दिवस लागले उखडून पुन्हा बसवायला. त्या नऊ दिवसांची मजुरी मिळाली नाही, आणि ओळंब्याने ती मागितलीही नाही. मळकट भाग त्याच्याच हातून बसला होता.

त्याच वर्षी घराजवळच्या शाळेत पहिलीपासून चिनी तुकडी निघाली. फी नव्हती. जागा चोवीस आणि अर्ज दीडशे, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. खडूची चिठ्ठी विसावी निघाली. कामावरचे हसले. "मिस्त्री, घरात ती बोलणार कुणाशी? खोक्यांशी?"

"हो," ओळंबा म्हणाला.

शाळेची रीत कडक होती. जोत्याच्या वरच्या मोठ्या वऱ्हांड्यात जमिनीवर एक पिवळी रेघ मारलेली. रेघेच्या पलीकडे सकाळी आठ ते साडेदहा चिनीशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. गणित चिनीत, विज्ञान चिनीत, चित्रकलेत रंग मागायचा तोही चिनीत. तिथल्या बाईंना मुलं लाओशी म्हणत. पहिली दोन वर्षं ओळंबा ते बाईंचं आडनाव समजत होता. त्याचा अर्थ नुसता 'बाई' असा होता. लाओशींना दुसरी कुठली भाषा येतच नाही, असं सगळे धरून चालत. मूल रडलं, पडलं, भांडलं, तरी त्या चिनीतच बोलायच्या, हातवारे करून, न चिडता. पहिल्या आठवड्यात दोन मुलं ओल्या कपड्यांनी घरी गेली. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. बाहेर जायचंय हे वाक्य सगळ्यांना आलं होतं.

पालकांना शाळेने एकच सांगितलं होतं: घरी शिकवायला जाऊ नका. मूल वाचेल ते ऐका, पुरे.

नुसतं ऐकून गप्प बसणं ओळंब्याला जमण्यासारखं नव्हतं. खडूची वही त्याने पहिल्यांदा उघडली तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. पानभर चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक उभी, एक आडवी तुटक रेघ. खोलीत दोन दोऱ्या ताणून, गुण्या लावून मध्य काढल्यासारखी. ही वही त्याला वाचता येत नव्हती, पण समजत होती.

"हे काय?" त्याने एका अक्षरावर बोट ठेवलं. चौकोन आणि त्याच्या आत फुली नाही, तर उभ्या-आडव्या रेघांची चौकडी. चार टाइल्स जोडून बसवल्यासारखी.

"शेत," खडू म्हणाली.

"तुझी चौकट वाकडी आहे. आधी चौकट घे. चारी बाजू पक्क्या कर, मग आतलं भर. चौकट चुकली की सगळं चुकलं."

दोन वर्षं रोज संध्याकाळी अर्धा तास हेच चाललं. चौकट आधी, आतलं मग. खडूचं अक्षर असं झालं की शाळेने तिची पानं भिंतीवर लावली. ओळंबा एकदा कामाच्या कपड्यांतच जाऊन ती बघून आला आणि घरी येऊन म्हणाला, "तिसऱ्या ओळीतलं दुसरं अक्षर डावीकडे झुकलंय." बायको म्हणाली, "जेवा आता."

तिसरीत गाडं अडलं. आता सुट्टी अक्षरं लिहायची नव्हती, वाक्यं लिहायची होती, बाई सांगतील त्या वेगाने. बाकीची मुलं तिसऱ्या वाक्यावर असायची तेव्हा खडू पहिल्याच्या शेवटच्या अक्षराची चौकट घासत असायची. दिवाळखोराच्या दुकानासारखी वही अर्धी रिकामी राहू लागली. शाळेतून चिठ्ठी आली: वडिलांनी येऊन भेटावं.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत लाओशी एकट्याच बसल्या होत्या. ओळंब्याने सवयीने मान झुकवून नमस्कार केला आणि हाताने खूण केली, म्हणजे बोला, असं.

"बसा ना, मिस्त्री," लाओशी म्हणाल्या. स्वच्छ, घरच्या भाषेत.

ओळंबा बसायचा राहिला. "तुम्हाला बोलता येतं?"

"माझा जन्म मागच्या चौकातला. भाजीच्या गाड्यावर तुम्ही कितीदा माझ्या पुढे उभे असता."

"मग दोन वर्षं मी हे असे हात..."

"रेघेच्या अलीकडे बोलले तर मुलं पलीकडेही बोलतील. खडूला सांगू नका." त्यांनी एक कोरी वही त्याच्यापुढे सरकवली. "शेत लिहून दाखवा."

"मी?"

"तुम्हीच."

ओळंब्याने पेन्सिल घेतली, चौकट काढली, चारी बाजू बंद केल्या आणि आत चौकडी घातली. अक्षर छापल्यासारखं आलं.

लाओशींनी मान हलवली. "दोन वर्षं मी शोधत होते, हे हिच्यात आलं कुठून. वर्गात मी शिकवते आणि संध्याकाळी कुणीतरी पुसून टाकतं." त्यांनी पेन्सिल घेतली. डावी बाजू खाली. मग वरून वळून उजवी बाजू खाली. मग आतली आडवी, आतली उभी. आणि सगळ्यांत शेवटी तळाची रेघ. "मुलांना आम्ही सांगतो, आधी माणसं आत जाऊ देत, मग दार लावा. तुमची मुलगी दार आधी लावते आणि मग माणसांना भिंतीवरून आत टाकते. दिसतं छान. पण हात प्रत्येक अक्षराला थांबतो."

ओळंबा वहीकडे बघत राहिला. फरशी बसवताना समोरच्या भिंतीपासून सुरू करतात आणि मागे सरकत दारापाशी येतात. दारातली शेवटची टाइल बाहेर उभं राहून बसवायची. कालचा पोरही हे जाणतो. चौकट आधी येते ती फक्त आखताना, खडूने.

"मी तिला आखायला शिकवलं," तो म्हणाला. "बसवायला नाही."

"सहा आठवड्यांनी परीक्षा आहे. साठ अक्षरं, वीस मिनिटं. पन्नास तरी यायला हवीत. ती आज एकतीस लिहिते."

"नाही आली तर?"

"साध्या तुकडीत जाईल. तिच्या जागी यादीतलं पुढचं मूल येईल. परत येता येत नाही."

बसलेली फरशी उखडायला नवी बसवण्याच्या तिप्पट कष्ट पडतात. टाइल फुटते, खालचा थर निघतो, सगळं खरवडून पुन्हा समपातळी करावी लागते. आणि हे ज्याने बसवलं त्यानेच करावं, असा ओळंब्याचा नियम होता. अडचण एकच होती. चुकलं कुठे हे सांगायला आधी त्याला बरोबर काय ते यायला हवं होतं. ते वहीत लिहिलेलं नव्हतं. वहीत पुरी झालेली अक्षरं होती. पुऱ्या फरशीवरून पहिली टाइल कुठली, हे कुणाला कळत नाही.

"मला वर्गात बसू द्या," तो म्हणाला.

"रोज?" लाओशींनी विचारलं.

"परीक्षेपर्यंत."

"शेवटचा बाक. तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि मी तुम्हाला वगळणार नाही. उठवलं तर उठायचं."

ठेकेदाराने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मिस्त्री, या वयात चिनी?"

"सकाळी पाच ते साडेसात करतो, मग अकराला येतो."

"पहाटेचं मला मोजता येत नाही. माणसं आठला येतात, हजेरी आठला लागते. अर्धा दिवस धरीन."

"धरा."

"काय हो, ती पोर शिकून माझी खोकी वाचणार, आणि तोवर मी काय करू?"

"तोवर भिजत घालत चला," ओळंबा म्हणाला.

पहिल्या दिवशी तो आठला पाच मिनिटं कमी असताना रेघेपाशी आला. हात धुतलेले, पण नखांतलं सिमेंट तसंच. बाक त्याच्या गुडघ्यांपेक्षा खाली होता. मग तो बाकाच्या मागे जमिनीवरच बसला, मांडी घालून, जसा तीस वर्षं बसत आला होता. मुलं वळून वळून बघत होती. खडूने एकदाही पाहिलं नाही. तिची मान कानापर्यंत लाल झाली होती.

लाओशी फळ्याकडे तोंड करून हवेत बोटाने अक्षर काढायच्या आणि सगळा वर्ग हात वर करून त्यांच्याबरोबर काढायचा, प्रत्येक रेघेला मोठ्याने आकडा म्हणत. ई, अर, सान, स्स, वू. चोवीस छोटे हात आणि मागे एक थोराड, थापीच्या सवयीने मनगटातून वळणारा. तिसऱ्या दिवशी लाओशींनी त्याला फळ्यापाशी बोलावलं. शेत. वर्ग आकडे म्हणू लागला. ई. अर. सान म्हणताच ओळंब्याच्या हाताने तळाची रेघ मारून दार लावलं. वर्ग हसला. लाओशींनी पुसलं, खडू पुन्हा हातात दिला. दुसऱ्यांदाही तेच. त्याला येत होतं, हाताला येत नव्हतं. चौथ्यांदा दार शेवटी लागलं.

संध्याकाळी खडू म्हणाली, "तुम्ही दार आधी लावलंत."

"तीनदा."

"मी पण तसंच लावते."

"माहीत आहे. माझंच शिकवलेलं आहे. चल, उखडू."

कागदावर ते होईना. कागदावर बोटं जुन्याच वाटेने जात. मग ओळंब्याने जमीन झाडली आणि कोब्यावर आखणीच्या खडूने वीतभर चौकोन मारले, भिंतीपासून दारापर्यंत. एवढ्या मोठ्या अक्षराला बोटं पुरत नाहीत, खांदा हलवावा लागतो, आणि खांद्याला जुनी सवय नव्हती. खडू गुडघ्यांवर बसून लिहीत मागे सरकायची. ओळंबा बाजूला बसून बघायचा. चुकली की थापीची मूठ जमिनीवर एकदा ठोकायचा, पोकळ टाइल ठोकून बघतात तशी. ती पुसून पुन्हा लिहायची. रोज दोन्ही खोल्या भरायच्या. बायको कामावरून आली की उंबऱ्यात चपला हातात घेऊन उभी राहायची. "मी येऊ का, की आज बाहेरच जेवू?"

चौथ्या आठवड्यात खडू चोवीस अक्षरांवर आली.

"आधी एकतीस तरी होती," बायको म्हणाली.

"उखडलेली जमीन अशीच दिसते. जुनं गेलं, नवं बसलं नाही."

"आणि बसलंच नाही तर?"

ओळंब्याने थापी पुसून ठेवली. "तर माझं काम वाईट झालं म्हणायचं."

त्याच आठवड्यात भाडं द्यायची वेळ आली. अर्ध्या मजुरीत किराणा भागत होता, भाडं भागत नव्हतं. बायकोने तो विषय घरात काढलाच नाही. ती धुलाईघरातून परस्पर टाइल्सच्या दुकानात गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "मागच्या खोलीतला माल विकून टाका."

"वहिनी, मिस्त्रींना विचारलंत?"

"रंग मी निवडलाय. त्यांना कशाला विचारायचं?"

रात्रीच्या जेवणाला तिने ओळंब्याला सांगितलं. तो घास हातात धरून थांबला.

"अगं, दोन वर्षं..."

"अहो, त्या गुळगुळीत फरशीवर तुमचा खडू उठला असता का?" ती म्हणाली. "जेवा."

पाचव्या आठवड्यात सदतीस झाली. मग एका संध्याकाळी थापी ठोकायची वेळच आली नाही. खडू भिंतीपासून दारापर्यंत न थांबता आली, उंबऱ्याबाहेर गेली आणि दारातलं अक्षर बाहेरून वाकून लिहिलं. ओळंबा पहिल्या अक्षरापाशी गेला, एकेक बघत आला.  थापी पिशवीत टाकली.

परीक्षेच्या दिवशी पालकांना रेघेपर्यंत येता येणार होतं. ओळंबा गेला नाही. एका जिन्याच्या पायऱ्यांचं काम घेतलं होतं, तिथेच बसून राहिला. तिसऱ्या पायरीची टाइल त्याने चारदा काढली आणि बसवली. ठेकेदाराने लांबून पाहिलं आणि त्या दिवशी त्याला हाक मारली नाही.

खडू घरी आली, दप्तर ठेवलं, पाणी प्यायली.

"किती?" आईने विचारलं.

"बावन्न."

आई खाली बसली. ओळंब्याने विचारलं, "आठ कुठली राहिली?"

"अहो," बायको म्हणाली.

"राहू दे, आई. मला माहीत आहेत." खडूने जमिनीवर बसून आठही लिहून दाखवली, दार शेवटी लावत. मग म्हणाली, "बाबा, लाओशींना आपली भाषा येते. भाजीच्या गाड्यावर त्या भाव करतात."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिलीपासून. सगळ्यांना माहीत आहे. रेघेपलीकडे कुणी बोलत नाही, एवढंच."

परीक्षेचा कागद शाळेने घरी दिला. ओळंब्याने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. अक्षरं पूर्वीसारखी नव्हती. काही धावत होती, एकदोन कललेली होती, भिंतीवर लावावीत अशी एकही नव्हती. पूर्वीची सुंदर होती, हे त्याला दिसत होतं. त्याने कागदाची घडी घातली आणि स्वतःची हजेरी टिपायच्या जुन्या वहीत ठेवली.

पुढे खडू त्याच तुकडीत वरच्या वर्गांत गेली. एकदा डबा द्यायला कामावर आली असताना परदेशी माल उतरत होता. ठेकेदाराने तिला हाक मारली. "ये गं, वाच. घाणा कुठला लिहिलाय?"

तिने खोक्याची एक बाजू वाचली, दुसरी वाचली. "इथे लिहिलंय, जड आहे, दोघांनी उचला."

"हे लिहून कळवावं लागतं?" ओळंबा म्हणाला. पाठ धरून बसला होता, तरी हसला.

घाणा तळाशी लिहिलेला होता. तोही तिने वाचला. दोन निघाले. ओळंब्याने खोकी दोन ढिगांत लावून घेतली.

त्याच्या घरातला कोबा अजून तसाच आहे, मधे थोडा गुळगुळीत झालेला, खडूचा पांढुरका थर भोकांत बसलेला. कुणी विचारलं की मिस्त्री, स्वतःच्या घराला फरशी का नाही, तर बायको सांगते. दोन वर्षांच्या सुट्ट्यांची मजुरी होती, सायीच्या रंगाच्या टाइल्सच्या रूपात. तिच्यातून एक भाडं गेलं, थोडा किराणा आला आणि शेवटच्या बाकामागच्या जमिनीवरच्या तीस सकाळी मिळाल्या.